गंधकाम्लाची तहान

पुण्यात डिसेंबर-जानेवारीत अशा काही रात्री येतात, की शिवाजीनगरच्या वेधशाळेतला पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. अशा रात्री शंभर टक्के शुद्ध सल्फ्युरिक आम्लाची बाटली कुणी गच्चीत ठेवली (ठेवू नये, हे सांगायला नको), तर सकाळी ते गोठलेलं मिळू शकतं. त्याचा गोठणबिंदू १०.४ अंश सेल्सिअस आहे. बाजारात मिळणारं ९८ टक्क्यांचं आम्ल मात्र त्याच गच्चीत पातळ राहील, कारण ते गोठायला पारा शून्याच्या आसपास जावा लागतो. त्यात आणखी थोडं पाणी घालून ते ९३ टक्क्यांवर आणलं, तर गोठणबिंदू एकदम शून्याखाली तीसेक अंशांवर घसरतो. आता वाटतं, की पाणी वाढवत नेलं की तो असाच खाली जाणार. पण तसं होत नाही. साडेचौऱ्याऐंशी टक्क्यांच्या आसपास तो उसळी मारून पुन्हा साडेआठ अंशांवर येतो. त्यानंतर परत घसरतो, आणि गाडीच्या बॅटरीत असतं त्या ३७ टक्क्यांच्या आम्लापर्यंत आलो की त्याला गोठवायला शून्याखाली साठ अंशांच्याही खाली जावं लागतं.

आम्ल आणि पाणी यांची नुसती सरमिसळ होत असती, तर हा आलेख इतका वेडावाकडा झाला नसता. त्या साडेचौऱ्याऐंशी टक्क्यांच्या जागी आम्लाच्या एका रेणूला पाण्याचा नेमका एक रेणू मिळालेला असतो आणि त्या जोडीचा स्वतःचा वेगळा स्फटिक बनतो. पाण्याचे दोन रेणू, चार रेणू घेऊन बनणारे स्फटिकही आहेत. म्हणजे पाण्यात विरघळताना हे आम्ल पाण्याशी नातं जोडतं, आणि दर टप्प्यावर निराळं नातं जोडतं.

सल्फ्युरिक आम्ल म्हणजे जुन्या मराठी पुस्तकांतलं गंधकाम्ल. त्याची माहिती शाळेत यादी करून शिकवली जाते: रंगहीन, तेलकट, जड, निर्जलक, ऑक्सिडीकारक, पाण्यात मिसळताना उष्णता देणारं, धातूंवर क्रिया करणारं. दहावीला हे पाठ केलेल्या माणसाला वीस वर्षांनी त्यातलं एकही आठवत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. यादीला धागा नव्हता. धागा एकच आहे: या द्रवाला पाण्याची तहान आहे, आणि ती विलक्षण आहे. बाकीचे बहुतेक गुण या तहानेतून निघतात.

आधी ते दिसतं कसं ते पाहू. लिटरभर तीव्र आम्ल १.८४ किलो भरतं. पाण्याच्या अंदाजाने बाटली उचलायला गेलेला हात दचकतो, आणि अपघात अशाच क्षणी होतात. ते पाण्यापेक्षा पंचवीसेक पट घट्ट आहे, ओतताना बाटलीच्या काठावरून सावकाश ओघळतं. त्याला वास नाही. हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली उघडली की धूर निघतो, नाकात चरचरतं. हे मात्र उघडं ठेवलं तरी शांत असतं, कारण साध्या तापमानाला त्याची वाफ जवळपास होतच नाही. उकळायला त्याला तीनशे अंशांच्या वर न्यावं लागतं. ही न उडण्याची गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे ती तीन-चार ठिकाणी भेटणार आहे. उलट उघड्या भांड्यातलं आम्ल दिवसेंदिवस वाढतं. हवेतला ओलावा ओढून त्याची पातळी वर चढते. प्रयोगशाळेत एखादा पदार्थ कोरडा ठेवायचा असेल तर बंद काचपात्राच्या तळाशी हे आम्ल ठेवत, ते यासाठीच.

तहान कशामुळे? रेणूच्या मध्यभागी गंधकाचा अणू, त्याभोवती चार ऑक्सिजन, आणि त्यांतल्या दोन ऑक्सिजनांना एकेक हायड्रोजन लटकलेला. गंधक आणि बाकीचे ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे इतके ओढतात, की त्या हायड्रोजनांची पकड सैल पडते. पाण्याचा रेणू जवळ आला की एक हायड्रोजन, इलेक्ट्रॉन मागे ठेवून, म्हणजे प्रोटॉन होऊन, सरळ त्याच्याकडे जातो. आता एका बाजूला धन भार, दुसऱ्या बाजूला ऋण भार, आणि दोघांभोवती पाण्याचे आणखी रेणू गर्दी करतात. या प्रत्येक पायरीला ऊर्जा बाहेर पडते. आपण ज्याला आम्लता म्हणतो ती ही पहिली पायरीच आहे. त्यामुळे आम्लपणा आणि तहान हे दोन वेगळे गुण मानायचं कारण नाही.

ही ऊर्जा किती, तर आकडा दचकवणारा आहे. एक किलो शुद्ध आम्ल भरपूर पाण्यात मिसळलं तर साधारण साडेनऊशे किलोज्यूल उष्णता निघते. तेवढ्यात तीन लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत जाईल. गॅस नाही, ज्योत नाही, फक्त दोन द्रव एकमेकांना भेटले. शिवाय पन्नास मिलिलिटर आम्ल आणि पन्नास मिलिलिटर पाणी यांची बेरीज थंड झाल्यावर शंभर भरत नाही, कमी भरते. रेणू एकमेकांना इतके जवळ ओढतात.

शाळेतला तो प्रसिद्ध नियम इथेच समजतो. आम्ल पाण्यात घालावं, पाणी आम्लात घालू नये. पाणी हलकं. ते जड आम्लावर तरंगतं, सगळी उष्णता दोहोंच्या सीमेवरच्या पातळ थरात कोंडते, तिथलं पाणी क्षणात उकळतं आणि आम्लाचे थेंब घेऊन उसळतं. उलट आम्ल पाण्यात सोडलं तर ते तळाकडे जातं, जाता जाता पसरतं, आणि उष्णता वाटून घ्यायला भोवती सगळं पाणी असतं.

या नियमाचा एक घातक गैरसमज मात्र लोकांत पसरलेला आहे: अंगावर ॲसिड पडलं तर पाणी लावू नये. हे साफ चूक आहे. ओल्या फडक्याने नुसतं पुसणं वाईट, कारण थोडं पाणी म्हणजे उष्णता जागच्या जागी. पण नळाखाली धो धो पाण्यात निदान वीस मिनिटं धरणं हाच पहिला उपाय. वाहतं पाणी आम्ल आणि उष्णता दोन्ही घेऊन जातं. आम्लाने भिजलेले कपडे त्याच वेळी काढून टाकायचे. हे द्रव्य आपल्याकडे बायकांच्या चेहऱ्यावर फेकण्याचं हत्यार म्हणूनही वापरलं गेलं, आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर बंधनं घातली: ओळखपत्र, नोंदवही, अठरा वर्षांखालच्यांना विक्री नाही. त्यामुळे पाण्याची ही गोष्ट माहीत असणं नुसत्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यापुरतं राहत नाही.

तहान जोपर्यंत आयतं पाणी मिळतं तोपर्यंत ते पिते. नसेल तर? मग ती पाणी बनवून घेते. साखर घ्या. साखरेत पाणी नसतं, ती कोरडी असते. पण तिच्या रेणूत हायड्रोजन आणि ऑक्सिजन नेमके पाण्याच्या प्रमाणात असतात. ३४२ ग्रॅम साखरेतून १९८ ग्रॅम पाण्याचा ऐवज काढून घेतला, तर मागे १४४ ग्रॅम कार्बन उरतो. चंचुपात्रातल्या साखरेवर तीव्र आम्ल ओतलं की ती आधी पिवळी होते, मग तपकिरी, मग काळी. मग वाफेच्या जोराने कोळशाचा सच्छिद्र खांब भांड्याबाहेर चढू लागतो, आणि खोलीत जळक्या साखरेचा व सल्फर डायऑक्साइडचा ठसका पसरतो. बघणाऱ्याला वाटतं साखर जळली. जळली नाही, कारण जळायला हवेतला ऑक्सिजन लागतो. इथे तिच्यातलं पाणी नेलं. कागद, लाकूड, सुती कापड ही सगळी साखरेच्याच घराण्यातली, म्हणून तीही काळी पडतात.

मोरचुदाचं उदाहरण याहून सौम्य आहे. जुन्नर, नाशिक, सांगलीकडचे द्राक्षबागायतदार चुन्यात मिसळून बोर्डो मिश्रण करतात तेच मोरचूद. त्याच्या निळ्या खड्यात दर रेणूमागे पाण्याचे पाच रेणू असतात आणि निळा रंग त्या पाण्यामुळेच असतो. खड्यावर तीव्र आम्ल टाकलं की पाणी जातं आणि खडा पांढरा पडतो. वर एक गंमत: मोरचूद स्वतः गंधकाम्लाचंच लेकरू आहे, तांब्यापासून झालेलं.

सुती सदऱ्याची गोष्ट मात्र गॅरेजमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. बॅटरीचं ॲसिड पातळ, त्याचा थेंब सदऱ्यावर पडला तर काहीच होत नाही. डागही दिसत नाही. दोन दिवसांनी सदरा धुवायला टाकला की तिथे भोक पडलेलं. मधल्या वेळात थेंबातलं पाणी उडून गेलं आणि आम्ल उडालं नाही. थेंब वाळत वाळत तीव्र होत गेला, तहान परत आली, आणि समोर कापूस होता. म्हणून पातळ आम्ल सांडलं तर ‘वाळेल आपोआप’ म्हणणं सर्वांत वाईट.

तहान अशी उग्र असेल तर ती माणसाच्या कामाला कशी येते? तिचं माप घेतलं तर येते. याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण दूध डेअरीतलं आहे. गावच्या संकलन केंद्रावर ‘फॅट किती लागली?’ हा प्रश्न रोज सकाळ-संध्याकाळ विचारला जातो, कारण दर त्यावर ठरतो. आता बहुतेक ठिकाणी यंत्राच्या पडद्यावर आकडा उमटतो, पण त्या आकड्याची पारख अजूनही गर्बर पद्धतीने करतात. निक्लाउस गर्बर या स्विस रसायनज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ती काढली. एका बाजूला बारीक अंकित मान असलेली काचेची नळी, ब्युटिरोमीटर. तिच्यात आधी दहा मिलिलिटर सल्फ्युरिक आम्ल. त्यावर नळीच्या कडेने अलगद १०.७५ मिलिलिटर दूध, दोन थर वेगळे दिसले पाहिजेत. वर एक मिलिलिटर अमाइल अल्कोहोल. मग बूच लावून, फडक्यात धरून हलवायचं. नळी हाताला चटका बसण्याइतकी तापते, दूध तपकिरी-जांभळं होतं. प्रथिनं विरघळतात, स्निग्धांशाच्या गोळ्यांभोवतीचं वेष्टण तुटतं, फॅट मोकळी होते. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून ६५ अंशांच्या पाण्यात ठेवली, की मानेत फॅटचा पिवळसर स्तंभ उभा राहतो आणि आकडा वाचता येतो.

इथे दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. एक, या पद्धतीत आधी आम्ल आणि वर दूध, म्हणजे शाळेतला नियम उलटा. इथे उष्णता हवीच आहे, फक्त ती आपण हलवू तेव्हा निघाली पाहिजे. दोन, यासाठी ९८ टक्क्यांचं आम्ल चालत नाही. त्याने फॅटच करपते आणि स्तंभात काळे कण दिसतात. फार पातळ घेतलं तर प्रथिनं नीट विरघळत नाहीत. म्हणून घनता १.८१ च्या आसपास, म्हणजे सुमारे नव्वद टक्क्यांचं आम्ल घेतात. थोडं पाणी आधीच पाजून तहान बेताची केलेली. म्हशीच्या दुधाचा भाव आम्लातल्या दहा टक्के पाण्यावर टेकलेला असावा, हे मला फार मजेचं वाटतं.

आता बॅटरी. पुण्यात बॅटरीचं दुकान शोधायला नाना पेठेत जावं, आणि बॅटरी बनते कुठे ते पाहायचं तर चिंचवडला, जिथे एक्साइडचा कारखाना आहे. शिशाची बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ साली केली. तिच्यात शिशाची पट्टी, शिशाच्या ऑक्साइडची पट्टी आणि मध्ये पातळ आम्ल. बॅटरी वीज देते तेव्हा दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट बसतं. त्यासाठी लागणारा सल्फेट आम्लातून येतो, आणि मोकळे झालेले हायड्रोजन ऑक्साइडमधल्या ऑक्सिजनला भेटून पाणी होतात. म्हणजे बॅटरी उतरते तसं आम्ल खरोखर कमी होतं आणि पाणी खरोखर वाढतं. चार्जिंग करताना हे उलट फिरतं.

म्हणून मेकॅनिक बूच काढून हायड्रोमीटर बुडवतो आणि ‘ग्रॅव्हिटी’ बघतो. १.२५ ते १.२८ दिसली तर बॅटरी भरलेली, १.१२ च्या आसपास म्हणजे उतरलेली. तो मोजतो वजन, पण त्याला कळते वीज. आम्ल जड आणि पाणी हलकं, एवढ्या एका गुणावर हे उभं आहे. व्होल्टमीटर बॅटरीबद्दल कधी कधी खोटी आशा दाखवतो, ग्रॅव्हिटी सहसा दाखवत नाही. आणि पातळी खाली गेली की तो डिस्टिल्ड वॉटर घालतो, ॲसिड घालू देत नाही. कारण उडालेलं असतं ते पाणी. काही वाफ होऊन, काही चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन-ऑक्सिजन होऊन गेलेलं. आम्ल आत तितकंच आहे. कमी झालेल्या पातळीवर ॲसिड ओतणारा माणूस आम्लाची तीव्रता वाढवतो आणि पट्ट्यांचं आयुष्य कमी करतो. नळाचं पाणीही नको, त्यातले क्षार पट्ट्यांना बाधतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीवर बसून धूळ खाणारा तो पांढरा कॅन पाण्याचाच का असतो, याचं उत्तर एवढंच.

गॅरेजमधून खडकीकडे गेलं की तहानेचं दुसरं काम दिसतं. खडकीत दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथेच उच्च स्फोटकांचा कारखाना उभा राहिला, आणि सुतारवाडीला स्फोटकांवर संशोधन करणारी डीआरडीओची एचईएमआरएल ही प्रयोगशाळा आहे. टीएनटीसारखं स्फोटक म्हणजे टोल्यूइनच्या रेणूला नायट्रिक आम्लातून तीन नायट्रो गट जोडणं. स्फोटकात सल्फ्युरिक आम्लाचा एक अणूही शेवटी राहत नाही. तरी त्याच्याशिवाय काम होत नाही. कारण दर नायट्रो गट जोडला की पाण्याचा एक रेणू सुटतो, आणि पाणी साचलं की नायट्रिक आम्ल ढेपाळतं. सल्फ्युरिक आम्ल ते पाणी ओढून घेतं. त्याच्याही आधी ते आणखी एक काम करतं. नायट्रिक आम्लातून पाणी ओरबाडून घेऊन नायट्रोनियम नावाचा धन भारित तुकडा मोकळा करतं, आणि खरा हल्ला तो तुकडा करतो. नायट्रिकसारख्या जबर आम्लाकडून पाणी हिसकावणारं दुसरं आम्ल, अशी त्याची पत आहे. तिसरा नायट्रो गट बसवायला तर शंभर टक्क्यांचंही पुरत नाही, सल्फर ट्रायऑक्साइड जास्तीचा विरघळवलेलं ‘ओलियम’ लागतं. रंग आणि औषधांच्या कारखान्यांत, दौंडजवळच्या कुरकुंभसारख्या रासायनिक वसाहतींत, नायट्रेशनचं हेच गणित शांततेच्या कामाला लागतं.

काम झालं की कारखान्याच्या हाती उरतं पाणी प्यायलेलं, दमलेलं आम्ल. ते फेकता येत नाही. त्यातलं पाणी परत काढायचं तर उकळावं लागतं, आणि मिसळताना जी उष्णता फुकट निघाली ती आता इंधन जाळून परत भरावी लागते. तरीही सगळं पाणी निघत नाही. ९८.३ टक्क्यांवर आलं की वाफेतही तेवढंच प्रमाण उडू लागतं. ३३८ अंशांवर ते उकळत राहतं, पण आणखी तीव्र होत नाही. शेवटचं पावणेदोन टक्के पाणी आम्ल उकळून सोडत नाही.

मग मुळात ते बनतं कसं? जुन्या काळी हिराकस, म्हणजे लोखंडाचं सल्फेट, भट्टीत तापवून निघणाऱ्या वाफा पकडत. १७४६ मध्ये बर्मिंगहॅमच्या जॉन रोबकने शिशाच्या खोल्यांत मोठ्या प्रमाणावर आम्ल काढायला सुरुवात केली, आणि १८३१ मध्ये ब्रिस्टलच्या पेरेग्रिन फिलिप्स या व्हिनेगरच्या व्यापाऱ्याने आजच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. आपल्याकडे अंबरनाथला धरमसी मोरारजी केमिकल कंपनी १९१९ ची. आम्ल आणि त्यापासून सुपर फॉस्फेट खत ही तिची जुनी ओळख. जगात आज वर्षाला पंचवीस कोटी टनांहून जास्त सल्फ्युरिक आम्ल होतं आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा फॉस्फेट खतांनाच जातो.

पद्धत सांगायला सोपी आहे. गंधक जाळला की सल्फर डायऑक्साइड. व्हॅनेडियमच्या उत्प्रेरकावरून चारशेहून जास्त अंशांना नेला की सल्फर ट्रायऑक्साइड. त्यात पाणी मिसळलं की आम्ल. पण ही शेवटची पायरी अशी सरळ करता येत नाही. ट्रायऑक्साइड आणि पाण्याची वाफ यांची गाठ पडली की हवेतच आम्लाचं अतिसूक्ष्म धुकं होतं, आणि ते धुकं पाण्यात नीट शोषलं जात नाही, धुराड्यातून निघून जातं. म्हणून ट्रायऑक्साइड शोषायला ९८ टक्क्यांचं आम्लच वापरतात आणि तीव्रता तेवढीच राहावी म्हणून वरून बेताने पाणी घालत राहतात. गंधक जाळायला जी हवा लागते तीही आधी याच आम्लाच्या मनोऱ्यातून नेऊन कोरडी करतात, नाहीतर धुकं आतल्या आत होऊन यंत्रं खातं. आम्ल बनवण्याच्या कामात दोनदा तेच आम्ल राबतं.

इथे आपल्या पावसाचा एक हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. जुलैत कोकणपट्टीच्या हवेत दर घनमीटरला वीस ग्रॅमच्या आसपास बाष्प असतं. ९८ ग्रॅम आम्ल बनवायला पाणी लागतं १८ ग्रॅम, आणि त्यासाठीचा गंधक जाळून पुढे न्यायला हवा लागते पाव घनमीटरच्या आसपास. म्हणजे पाच ग्रॅम पाणी हवेबरोबर आयतंच आलं. पावसाळ्यात कोकणपट्टीत होणाऱ्या आम्लातलं पावएक पाणी कारखान्याने न घालता आकाशातून आलेलं असतं.

बनलेलं आम्ल साध्या लोखंडी टँकरमधून फिरतं. महामार्गावर केशरी पाटीवर १८३० हा आकडा दिसला की आत हेच. पुष्कळांना हे पटत नाही, आम्ल आणि लोखंडात? तीव्र आम्लात मोकळं पाणी जवळपास नसतं. लोखंडावर फेरस सल्फेटचा पातळ थर बसतो, त्या आम्लात तो विरघळत नाही, आणि आतलं लोखंड झाकलं जातं. पातळ आम्लात तो थर धुऊन जातो आणि लोखंड झपाट्याने खाल्लं जातं, हायड्रोजन सुटतो. म्हणजे टाकीसाठी धोकादायक आम्ल हे पातळ आम्ल. याचा तापदायक परिणाम पावसाळ्यात दिसतो. अर्ध्या भरलेल्या टाकीत वरून दमट हवा शिरली, की आम्ल ती ओढून घेतं. वरच्या भिंतीवरचा आम्लाचा ओघळ पातळ होतो आणि टाकी नेमकी त्या पट्ट्यात आतून झिजते. बाहेरून रंग शाबूत असतो. हायड्रोजन वर साठलेला असतो. अशा टाकीवर वेल्डिंगची ठिणगी पाडणाऱ्याने आधी हे माहीत करून घ्यावं. टाकीच्या श्वासनळीला कोरडी हवा पुरवणारं यंत्र अनेकदा खर्चाच्या नावाखाली टाळलं जातं, तिथे बचत कसली होते कळत नाही.

राहिलं आकाश. कारखान्यात जे धुकं नको असतं, ते वातावरणात रोज बनतं. कोळसा जाळला, तेल जाळलं, ज्वालामुखी फुटला, की सल्फर डायऑक्साइड निघतो आणि काही तासांत किंवा दिवसांत त्याचं हवेतच सल्फ्युरिक आम्ल होतं. ते उडून राहू शकत नाही, हा गुण पुन्हा आला. म्हणून त्याचे रेणू पाण्याचे रेणू धरून एकत्र येतात आणि नवे कण जन्मतात. हवेची आर्द्रता शंभर टक्के नसली तरी हे कण पाणी ओढून फुगतात. हिवाळ्यातल्या सकाळी शहरावर धुरकट पडदा दिसतो, त्यात यांचा वाटा असतो. वर गेले की ढगाचे थेंब ज्यांवर बसतात ती केंद्रकं हीच होतात. १९९१ मध्ये फिलिपिन्सचा पिनाटुबो फुटला तेव्हा दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड थेट स्थितांबरात गेला, तिथे आम्लाचे थेंब झाले, आणि पुढच्या वर्षी पृथ्वीचं सरासरी तापमान अर्ध्या अंशाच्या आसपास उतरलं.

हा विषय पुण्यात रोज अभ्यासला जातो. पाषाणला डॉ. होमी भाभा मार्गावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे आणि त्याच मार्गावर उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, आयआयटीएम. ढग आणि हवेतले कण यांचं नातं विमानांतून मोजण्याचा कैपेक्स हा प्रयोग या संस्थेने २००९ पासून चालवला. त्याच्या पुष्कळ आधी, १९८० च्या दशकात, इथल्या शास्त्रज्ञांनी पावसाच्या पाण्याच्या आम्लतेची मोजणी केली होती. युरोप-अमेरिकेत तेव्हा आम्लवर्षेने तळी आणि जंगलं मरत होती. आपल्याकडे मुंबईच्या चेंबूर-ट्रॉम्बे पट्ट्यासारखी ठिकाणं सोडली तर पाऊस बहुतेक जागी आम्लधर्मी नव्हताच, उलट किंचित अल्कधर्मी निघाला. कारण सापडलं ते मातीत. आपल्या धुळीत कॅल्शियमचे क्षार भरपूर. हवेतल्या आम्लाला ते वाटेतच गाठतात आणि त्याचं कॅल्शियम सल्फेट करतात.

यातून एक अडचणीची गोष्ट निघते. धूळ कमी करणं हे आता प्रत्येक महापालिकेचं काम आहे, आणि ते योग्यच आहे. पण धूळ घटली आणि सल्फर डायऑक्साइड तसाच राहिला, तर पाऊस आम्ल होत जाईल. वीजकेंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडला मर्यादा घालणारे निकष २०१५ साली आले, आणि त्यांच्या मुदती तेव्हापासून वारंवार पुढे ढकलल्या गेल्या. कारण म्हणून खर्च पुढे केला जातो. कोराडी-चंद्रपूरसारख्या ठिकाणच्या धुराड्यांसाठी सुचवलेलं तंत्र तसं जुनंच आहे: वर जाणाऱ्या वायूवर चुनखडीचा पातळ गाळ फवारायचा, तो गंधकाला धरतो, आणि खाली कॅल्शियम सल्फेट म्हणजे जिप्सम जमतं. पुण्यावरच्या हवेत मातीची धूळ आजवर जे फुकट करत आली, तेच काम इथे पैसे मोजून, पण आम्ल बनण्याच्या आधी करायचं आहे.